गाडीची पेटी

फेब्रुवारी उजाडला की आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर मुले पुस्तके घेऊन येरझारा घालू लागतात. ओठ हलत असतात, पाय चालत असतात आणि नजर समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर खिळलेली असते. अकरा वर्षे या दिवसांत माझ्याही पोटात त्यांच्याइतकाच गोळा येत असे. परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या याद्या लागत, आणि उशिरा आलेल्या मुलाला आत घ्यायचे की नाही हे ठरवण्याची वेळ नेमकी माझ्यावर येई. गोळा अजूनही येतो, पण आताचा गोळा लहानपणी जत्रेच्या आदल्या दिवशी येई तसला आहे. सकाळच्या हवेत गारवा असतो, मात्र उन्हाच्या कडेला एक कोवळी धग लागलेली असते, आणि मला वाटते, तासगावकडे आता द्राक्षांच्या मण्यांत साखर भरली असेल. मग मी चहा अर्धा ठेवून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीपाशी जातो. काम काही नसते. टायरवरून हात फिरवतो आणि परत येतो. वैशाली, माझी पत्नी, हे सारे खिडकीतून पाहत असते.

"चहा गार झाला," ती म्हणते. "गाडी काही पळून जात नाही."

मी भूगोल शिकवत होतो. कराडजवळच्या एका महाविद्यालयात, तासिका तत्त्वावर. म्हणजे ज्या तासाला वर्गात उभा, त्या तासापुरता प्राध्यापक. दर जूनमध्ये बोलावणे येईल की नाही याची वाट पाहायची आणि आले की जुन्याच नकाशांच्या गुंडाळ्या झटकून पुन्हा भिंतीवर लावायच्या. समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र असतो, हे वाक्य मी किती वर्गांना सांगितले असेल. चढ तीव्र असतो म्हणजे काय, हे मला स्वतःला कळले ते भरलेल्या गाडीत, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचा आवाज बसत चाललेला असताना. त्या क्षणी मला नकाशावरची ती तपकिरी रेषा तळपायाखाली जाणवली. वर्गात असा आनंद मला कधी झाला नव्हता, हे कबूल करायला आता संकोच वाटत नाही.

आमची मलकापूरची भाड्याची जागा महामार्गाला लागून आहे. उत्तरपत्रिका तपासताना मी सज्जात बसत असे आणि दर दोन उत्तरांनंतर मान वर करून जाणारी गाडी पाही. कोणत्या राज्याची, किती टायरची, भरलेली की रिकामी. हे वेड मी कोणाजवळ बोललो नव्हतो. मुक्ताच्या पाठीवर आमचा धाकटा, ओजस, जन्मला त्या वर्षी महाविद्यालयाने माझ्या तासिका निम्म्यावर आणल्या. मी अडतीस वर्षांचा होतो. एका दुपारी वैशाली कपड्यांच्या घड्या घालत असताना मी सदऱ्याकडे बघत म्हणालो, "मला ट्रक चालवायला शिकायचे आहे."

तिने घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "मुक्ताला बाराखडीच्या आधी दहा टायरी, बारा टायरी ओळखायला तुम्ही शिकवलंत. मला काय कळत नाही होय?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय म्हणायचं ते बाबा ठरवतील," ती म्हणाली, आणि तसेच झाले. माझे सासरे निवृत्त हेडक्लार्क आहेत. जावई लॉजिस्टिक्समध्ये गेले, असे ते आजही सांगतात, आणि त्यावर कोणी पुढचा प्रश्न विचारीत नाही.

जड वाहनाचा परवाना हाती पडेपर्यंत आणि त्यानंतरही बरेच दिवस मी उंब्रजच्या जगूकाकांबरोबर क्लीनर म्हणून हिंडलो. काका जन्मभर चालकच. त्यांच्या शेजारी बसून मी जे शिकलो ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. टायरला लाकडी हातोडा मारून त्याचा आवाज ऐकायचा. हवा कमी असेल तर तो आवाज आजारी माणसासारखा येतो. ताडपत्रीचा दोर ओढताना पाठ न वापरता पाय वापरायचे. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही. मागे घेणे मला फार काळ जमले नाही. एकदा पेठ नाक्यावरच्या धाब्यासमोर मी गाडी मागे घेताना ती तीनदा तिरकी झाली, तेव्हा काकांनी खिडकीबाहेर बघत शांतपणे विचारले, "सर, भूगोल शिकवत व्हता न्हवं तुमी?"

"हो."

"मग मागची दिशा कुनी शिकवायची?"

धाब्यावरची सगळी बाकडी हसली. मीही हसलो. वर्गात कोणी हसले की माझे कान लाल होत. इथे का झाले नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कदाचित इथे मला काही जाणत असल्याचा आव आणावा लागत नव्हता. अडतिसाव्या वर्षी अगदी कोरे असण्याची गंमत ज्याने घेतली नाही, त्याला ती सांगून कळणार नाही.

गाडी मला मिळाली ती सांगलीच्या आण्णांमुळे. आण्णा हळदीचे जैन व्यापारी; त्यांच्या तीन गाड्या रस्त्यावर असतात. त्यांच्याकडे मी पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण चुकू नये म्हणून ते घाईत होते. उभ्या उभ्याच बोलणे झाले. "जगन्नाथ तुमचं चांगलं सांगतो," ते म्हणाले. "पण द्राक्षं म्हंजे हळद न्हवं. हळद आदळली तरी हळदच. पहिली खेप सर्जेराव तात्यांच्या बागेतली न्या. तात्या व्हय म्हणाले तर हा हंगाम तुमचा. न्हाई म्हणाले तर मला माणूस बदलावा लागंल. मग माझ्यावर राग धरायचा न्हाई."

राग धरण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता की महाविद्यालयाला मी राजीनामा देऊन बसलो होतो, माझे तास दुसऱ्या कोणाला गेले होते, आणि घरी एक सहा वर्षांची मुलगी व एक नुकता पाऊल टाकू लागलेला मुलगा होता. माझा सगळा हंगाम एका अनोळखी माणसाच्या "व्हय"वर अडकला होता. तरीही त्या संध्याकाळी कृष्णेच्या पुलावरून परतताना मला भीतीपेक्षा उत्सुकताच अधिक होती, आणि त्या उत्सुकतेचीच थोडी लाज वाटत होती.

तासगावजवळच्या एका वाडीत तात्यांची बाग आहे. तात्या फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. वेलींच्या ओळी त्यांनी संचलनाला उभ्या केल्यासारख्या सरळ राखल्या आहेत. मी सकाळी लवकर पोहोचलो. मांडवाखाली शिरलो आणि बाहेरचे जग हिरव्या पडद्याआड गेले. डोक्यावर पानांचे छत, त्यातून गळणारे उन्हाचे कवडसे, आणि खांद्याच्या उंचीवर हजारो घड, लांबट, पिवळसर हिरवे, आतून दिवा लावल्यासारखे. प्रत्येक मण्यावर पांढुरकी, धुक्यासारखी झाक. ती बोटाने पुसली जाते आणि परत येत नाही, म्हणून तोडणाऱ्या बायका घडाला हात लावीत नव्हत्या; देठ धरून कात्रीने कापीत आणि तान्ह्या मुलाला द्यावे तसे पुढच्या हातात देत. कात्र्यांचा कट कट असा बारीक आवाज सगळ्या बागेत चालू होता. मध्येच कोणी एखादी ओवीसारखी ओळ उचले, मध्येच एखादीच्या सुनेची निंदा होई, आणि कात्र्या मात्र थांबत नसत.

आजही त्या मांडवात शिरलो की मी एक क्षण थांबतो. शेजारून पेट्या घेऊन जाणारा माणूस म्हणतो, "सर, वाट सोडा की," आणि मी वाट सोडतो.

दुपारपर्यंत गाडी भरली. मी स्वतः पेट्या रचायला लागलो होतो. दोन थरांमध्ये फट राहू नये म्हणून कागद कोंबत होतो. माझ्यावर खूश असल्याचे एकही चिन्ह तात्यांनी दाखवले नव्हते, पण नाखुशीचेही नव्हते. ताडपत्री ओढायच्या आधी ते एक पेटी घेऊन आले. इतरांसारखीच होती, फक्त तिच्यावर हळदीचे बोट ओढलेले होते.

"ही गाडीची," ते म्हणाले.

मला वाटले, ही भेट आहे. आणि भेटीला काय म्हणायचे हे मला पाठ होते. परीक्षेच्या दिवसांत पालक घरी पेढे घेऊन येत, आंबे घेऊन येत, आणि मी दारातूनच हात जोडून परत पाठवीत असे. तेवढ्या एका गोष्टीचा मला अभिमान होता. मी हात जोडले.

"नको, तात्या. तुमच्या कष्टाचा माल आहे."

"घ्या."

"खरेच नको. मला कशाला?"

"सर, घ्या म्हंतोय न्हवं मी."

"राहू द्या. आपण विक्रीला घाला."

कात्र्या थांबल्या. बारीक आवाज थांबला की तो होता हे कळते, तसे मला कळले की काहीतरी बिघडले. पेटी घेऊन तात्या विहिरीकडे गेले, कट्ट्यावर बसले आणि खिशातून फोन काढून कानाला लावला.

बायकांत सर्वांत वडील हिराक्का होती. तिने कात्री कमरेला खोचली आणि माझ्यापाशी आली. "काय केलंसा हे, सर?"

"मी कुठे काय केले? मी फक्त घेतली नाही."

"त्येच की. ती पेटी का खायाला देत्यात होय नुसती? ती गाडीच्या मागच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या वर ठेवायची. तिथं दणका सगळ्यात जास्त. आपल्या लेकरांचं खाणं मागं असलं की डायवर खड्डा बघून हाकतो. घरी जाऊन पेटी उघडायची. आपलं मणी गळलं तर समद्यांचं गळलं. तुमी नको म्हनलासा म्हंजे काय झालं? माल तुमचा, तुमचं तुमी बघा, माझा काय संबंध न्हाई."

"मला हे माहीत नव्हते."

"ते आमाला कळतंय. तात्यास्नी कोण सांगणार? ते आण्णांना फोन लावत्यात."

मी तिथेच उभा राहिलो. कान तापले होते. आयुष्यभर मी "नको" म्हणत आलो होतो. पंगतीत दुसऱ्यांदा वाढायला आले की नको, बैठकीत पुढची खुर्ची कोणी दाखवली की नको, कायम पदासाठी शब्द टाकू का असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले तेव्हाही नको. याला मी सभ्यपणा समजत होतो आणि लोकही तसेच समजत, किंवा समजल्याचे दाखवत. त्या दुपारी विहिरीच्या कट्ट्यावर पाठमोऱ्या बसलेल्या त्या माणसाने मात्र माझ्या "नको"चा सरळ अर्थ लावला होता, आणि तो अर्थ चूक होता असे मला म्हणता येईना. घेतले की माणूस बांधला जातो. मी बांधून घ्यायला घाबरत होतो.

विहीर पन्नासएक पावलांवर असेल. वर्गात शिरताना कधी वाटले नाही इतके ते अंतर मला लांब वाटले. तात्यांनी फोन कानावरून खाली घेतला होता. आण्णा उचलत नव्हते. हळदीच्या सौद्यात असावेत.

"तात्या, माझी पेटी द्या," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिले. "आता कशाला?"

"माझी आहे म्हणून."

"मगाशी न्हवती?"

"मगाशी मला कळले नव्हते. मला दोन मुले आहेत. त्यांच्यासाठी न्यायची आहे."

"बाजारात मिळत्यात की द्राक्षं."

"बाजारातली नकोत. माझ्या गाडीतून गेलेली पाहिजेत."

माझ्या गाडीतून, असे मी म्हणालो. गाडी आण्णांची होती, हंगाम कोणाचा हे ठरायचे होते, आणि तरी तो शब्द तोंडून गेला तेव्हा मला आतून धक्का बसला, एखादी जड वस्तू अचानक उचलली गेली की बसतो तसा. आयुष्यात मी कोणाजवळ काही मागितल्याची ती पहिलीच वेळ असावी.

हळदीचे बोट ओढलेल्या पेटीतले घड तात्यांनी एकेक करून दुसऱ्या टोपलीत काढून ठेवले आणि रिकामी पेटी माझ्या हातात दिली. "भरलेली न्हाई मिळणार आता. सोत्ता तोडा, सोत्ता भरा."

त्या अर्ध्या तासाइतका मी कधीच हसलो नसेन, आणि कोणी माझ्यावर हसल्याचे इतके बरेही वाटले नसेल. मी कात्री धरली की बायका तोंडाला पदर लावीत. "देठाला धरा, सर. खडूगत धरू नगा," हिराक्का म्हणाली. "आन् तो घड सोडा, त्याला ऊन लागलंय. ह्यो घ्या. आवं, ओढताय काय, त्यो काय पोरांचा कान हाय?" पहिला घड मी मण्यांना बोट लावून खराब केला, तो तिथेच सगळ्यांनी वाटून खाल्ला. पेटी भरली तेव्हा माझ्या सदऱ्याला पानांचा हिरवा डाग पडला होता. तो अजून पूर्ण गेलेला नाही.

पेटी मागच्या उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या वर, तात्यांनी स्वतःच्या हाताने ठेवली. दोर ओढला. मग खांद्यावर टॉवेल टाकून ते सरळ माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले.

"मलकापुरात, वाटंवरच, घर हाय न्हवं तुमचं? तितवर येतो. यष्टीनं माघारी जाईन. पेटी माझ्याम्होरं उघडायची."

पलूस, ताकारी, कृष्णेवरचा पूल, इस्लामपूर, पेठ. आता हा रस्ता माझ्या बोटांना माहीत आहे. कोणत्या गावाच्या कमानीनंतर गतिरोधक येतो, कोणत्या वळणावर रस्ता एका बाजूला खचला आहे, हे डोळ्यांआधी पायाला कळते. त्या दिवशी मला काहीच माहीत नव्हते. तात्या समोर बघत नव्हते. ते बाजूच्या आरशात मागच्या कोपऱ्याकडे बघत होते. उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर पसरलेले, प्रत्येकामागे दोन दोन ट्रॉल्या, त्यांच्यावरची गाणी इंजिनाहून मोठी. मी कोणालाही ओलांडायची घाई केली नाही. खड्डा दिसला की आधीच वेग उतरवायचा, चाक हळूच आत सोडायचे, हळूच बाहेर काढायचे. माझ्यामागे बसलेली ती एक पेटी मला पाठीच्या मणक्यांत जाणवत होती. ताकारीच्या पुढे एका ट्रॉलीतून उसाची मोळी सुटून रस्त्यावर पडली. मला ब्रेक दाबावा लागला. जेवढा दाबायला हवा होता त्याहून थोडा अधिक दाबला गेला.

तात्यांनी आरशावरची नजर काढली नाही. "हं," एवढेच म्हणाले.

त्या "हं"चा अर्थ लावीत मी पुढचा सगळा रस्ता कापला. आणि तरीही सांगायला हवे की मी आनंदात होतो. पुलावर कृष्णा दिसली, रुंद, संथ, उन्हात चकाकणारी. महाबळेश्वरला उगम पावून ती इकडे कशी येते हे मी फळ्यावर निळ्या खडूने काढीत असे. आता मी तिच्यावरून जात होतो, आणि माझ्या मागे एका माणसाच्या वर्षभराच्या राबण्याचा भार होता, नाजूक, गोड, आणि माझ्या पायाच्या भरवशावर. तो माझाच पाय होता आणि तो काम करत होता.

मलकापूरच्या सेवा रस्त्यावर वैशाली मुलांना घेऊन उभी होती. मी तिला फोनवर एवढेच सांगितले होते की तात्या येत आहेत आणि पेटी उघडायची आहे. तिने मला पुढे काही विचारले नव्हते. मुक्ताने लांबूनच टायर मोजायला सुरुवात केली. ओजस आईच्या कडेवरून गाडीच्या आवाजाकडे झेपावत होता. वैशालीने मला इतक्या उंचावर बसलेले त्यापूर्वी पाहिले नव्हते. तिने पदराने तोंड पुसले तेव्हा ती हसत होती.

"पोरी, चादर हाय का एखादी?" तात्यांनी तिला विचारले. तिच्या पिशवीत ओजसचे दुपटे होते. ते गाडीच्या पायरीपाशी, कट्ट्यावर अंथरले. तात्यांनी पेटी काढली, कागद बाजूला केला, आणि पहिला घड देठाला धरून वर उचलला. मग तो त्यांनी झटकला. ओले फडके झटकावे तसा, मुळीच दया न करता.

तीन मणी दुपट्यावर पडले. क्षणभराने चौथाही पडला.

तीन कमी, चार जास्त, असे काही मोजमाप असते का, हेही मला ठाऊक नव्हते. मुक्ताने वाकून एक मणी उचलला आणि कोणालाही न विचारता तोंडात टाकला. दुसरा वैशालीने घेतला, नखाने त्याचे बारीक तुकडे केले आणि ओजसच्या जिभेवर ठेवले. त्याने तोंड वेडेवाकडे केले, मग डोळे मोठे केले आणि पुन्हा हात पुढे केला.

त्याच वेळी तात्यांचा फोन वाजला. त्यांनी घड डाव्या हातात घेतला आणि फोन कानाला लावला. पलीकडून आण्णांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दुपारी फोन येऊन गेला होता, काय काम होते, असे ते विचारत होते.

तात्यांनी दुपट्यावर उरलेल्या दोन मण्यांकडे पाहिले. मग ओजसकडे पाहिले, त्याचा हात अजून पुढेच होता.

"काय न्हाई, आण्णा," ते म्हणाले. "चुकून लागला आसंल."

त्यांनी फोन खिशात टाकला, घड मुक्ताच्या हातात दिला, देठाला कसे धरायचे ते तिला दाखवले आणि टॉवेल खांद्यावर टाकून कोल्हापूर नाक्याकडे चालू लागले. मी मागून धावत गेलो. आभार मानायचे होते. त्यांनी हातानेच मला परत वळवले. "गाडी भरलेली हाय, सर. उभी काय करताय? जावा."

मी गेलो. कराड मागे पडले, वराडे गेले, उंब्रज आले. ऊन डावीकडून तिरपे केबिनमध्ये येत होते, मांडीवर, हातांवर, त्या हिरव्या डागावर. रस्त्याकडेच्या पाट्या एकेक करून येऊ लागल्या आणि मी त्यांची नावे मोठ्याने वाचू लागलो. उंब्रज. अतीत. नागठाणे. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचत नाही, अशी माझ्याबद्दल तक्रार अकरा वर्षे होत असे. त्या केबिनमध्ये ऐकायला कोणी नव्हते, आणि मी प्रत्येक गावाचे नाव इतक्या खणखणीत आवाजात घेत होतो की साताऱ्याच्या अलीकडे माझा घसाच बसला.